चेरोकी पूर्वजांचा शोध: घरातल्या एका वाक्यापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंत

माझी सून ओक्लाहोमाची. तिची आजी एक वाक्य नेहमी म्हणायची, "माझी आई चेरोकी, आणि तिची स्वतःची जमीन होती." त्यापुढे विचारलं की गप्प. कुठली जमीन, किती, कुणाकडे गेली, काही पत्ता नाही. नातीला शाळेत वंशवृक्ष करून न्यायचा होता तेव्हा आमच्याकडची सात पिढ्यांची वंशावळ भावाने गावाहून फोटो काढून पाठवली. तिच्या आईच्या बाजूला मात्र तीन नावं लिहून झाली आणि पुढचं पान कोरं राहिलं.

ते पान भरायला सुनेला आणि मला दोन वर्षं लागली. त्यात जे उशिरा कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत आता अशा सुना, असे जावई आहेत. नातवंडांना दोन्हीकडचं कळावं असं वाटणाऱ्यांना हे कामाला यावं.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं सापडतात. घरचा माणूस तिथे गेला आणि त्याने आपणहून नाव लिहवलं, म्हणून ती सापडतात. चेरोकींच्या याद्या तशा नाहीत. त्यातल्या बहुतेक अमेरिकी सरकारने केल्या आणि प्रत्येक यादीमागे एक व्यवहार आहे: कधी हाकलण्याआधीची मोजदाद, कधी नुकसानभरपाई, कधी जमिनीची वाटणी. यादी कशासाठी केली हे आधी विचारा. कोण त्यात असणार आणि कोण नसणार, हे त्यातूनच उलगडतं. आम्ही हा प्रश्न विचारायला लागलो तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

हाताशी ठेवायचा इतिहास

चेरोकींचा मूळ मुलुख अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या दक्षिण टोकाला, म्हणजे आजच्या नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, जॉर्जिया आणि अलाबामाच्या भागांत. १८३० साली अमेरिकेने मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. २९ डिसेंबर १८३५ ला न्यू एकोटा इथे मूठभर चेरोकींनी, राष्ट्राच्या सरकारचा अधिकार नसताना, सगळी पूर्वेकडची जमीन देऊन टाकणाऱ्या करारावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो लोकांच्या सह्यांनिशी विरोध नोंदवला, तरी सिनेटमध्ये तो करार आवश्यक मतांपेक्षा एकच मत जास्त मिळून मंजूर झाला. १८३८ च्या मे महिन्यापासून सैन्याने लोकांना घरांतून बाहेर काढलं. सुमारे १६,००० माणसं हलवली गेली आणि अंदाजे ४,००० दगावली. हीच ती 'अश्रूंची वाट'.

काही चेरोकी त्याआधीच पश्चिमेला गेले होते, तर हजारभर लोक पूर्वेच्या डोंगरांत राहिले. म्हणून आज अमेरिकी सरकारने मान्य केलेली तीन चेरोकी राष्ट्रं आहेत: ओक्लाहोमातल्या तालेक्वा इथलं चेरोकी नेशन, तिथलाच युनायटेड किटूवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलिनातला ईस्टर्न बँड. म्हणूनच चेरोकी घरात 'वाडवडिलांची जमीन' म्हटलं की दोन जागा असू शकतात, मधे हजारेक किलोमीटरचं अंतर. आपण कुठल्या जमिनीबद्दल बोलतोय, हे सुरुवातीलाच वेगळं करा.

पहिली पायरी: वडीलधाऱ्यांजवळ बसा

घरात जी सर्वांत वयस्कर व्यक्ती असेल तिच्यापासून सुरुवात करा, आणि लवकर करा. "आपण चेरोकी आहोत का?" असं विचारू नका, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. गाव कुठलं, शेजारी कोण, दफन कुठे, कुठल्या चर्चला जायचे, लहानपणी घरात आणखी कोण राहायचं, आजीचं माहेरचं आडनाव काय, असं विचारा. आजीला जमिनीबद्दल काहीच सांगता आलं नव्हतं, पण "तुमची आई शाळेत कशी जायची?" म्हटल्यावर तिने एका ओढ्याचं नाव घेतलं. पुढे तेच नाव आम्हाला नकाशावर भेटलं.

घरातलं जुनं बायबल उघडून बघा. त्याच्या मधल्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहिण्याची पद्धत होती.

"आमची पणजी चेरोकी राजकन्या होती" ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी ऐकू येते. चेरोकींमध्ये राजघराणं नव्हतंच, त्यामुळे राजकन्याही नव्हती. समाज मातृवंशीय, कुळं सात, आणि कूळ मिळतं ते आईकडून. आजी 'लांडगा कुळाची' किंवा 'हरीण कुळाची' होती असं घरात कुणी सांगत असेल तर ते जपून लिहून ठेवा. अशी आठवण राजकन्येच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाची.

दुसरी पायरी: स्वतःपासून मागे या

सगळ्यांना थेट १८३८ गाठायचं असतं. आम्हीही तेच केलं, तीन महिने एका सारख्या आडनावाच्या मागे लागलो, आणि ते घराणं आमचं नव्हतंच. स्वतःच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जा. प्रत्येक दुव्याला कागद हवा, ज्यात मूल आणि आईवडील दोघांची नावं एकत्र आहेत असा.

ओक्लाहोमात जन्म-मृत्यूची राज्यपातळीवरची नोंद १९०८ पासून सुरू झाली, पण पुढची कित्येक वर्षं खेड्यापाड्यांतले जन्म नोंदलेच जात नव्हते. अशा लोकांनी मोठेपणी उशिराचा जन्मदाखला काढलेला असतो, तो मागवा. नाहीच मिळाला तर मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, आणि जनगणना. नावानिशी जनगणना १९५० पर्यंतच्या खुल्या आहेत आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. १८९० ची जवळजवळ सगळी आगीत गेली, तिथे वेळ घालवू नका.

१९०७ च्या आधी जन्मलेल्यांच्या जन्मस्थानी 'आय. टी.' असं दिसेल. म्हणजे इंडियन टेरिटरी, ओक्लाहोमा राज्य होण्याआधीचा तो मुलुख. काही ठिकाणी 'इंड.' एवढंच लिहिलेलं असतं आणि सूची करणाऱ्याने त्याचं 'इंडियाना' केलेलं असतं. आमच्या एका नोंदीत तर चक्क 'इंडिया' होतं. सुनेच्या पणजीचा जन्म आपल्या देशात झाल्याचं वाचून मी क्षणभर थबकले. मूळ पानाचं चित्र उघडल्यावर खरं कळलं. सूचीवर विसंबू नका, मूळ पान बघा.

लाळेच्या तपासणीबद्दल

डीएनए तपासणीत दिसणाऱ्या टक्केवारीवर कुठल्याही चेरोकी राष्ट्राचं नागरिकत्व मिळत नाही. तपासणीत मूलनिवासी अंश दिसला तरी तो चेरोकी की आणखी कुणाचा, हे ती सांगू शकत नाही. उलट, खरेच चेरोकी पूर्वज असले तरी पाच-सहा पिढ्यांनी त्यांचा अंश दिसेलच असं नाही, कारण प्रत्येक पिढीत निम्मा वारसाच पुढे जातो. तिचा उपयोग एकच: दूरची भावंडं सापडतात. आजीच्या एका मावसभावाची मुलगी आम्हाला अशीच भेटली आणि तिच्याकडे पणजीचा फोटो होता.

तिसरी पायरी: डॉज यादी

ओक्लाहोमाकडच्या घराण्यांसाठी ही मुख्य पायरी, म्हणून इथे थांबून वाचा.

१८९३ साली नेमलेल्या डॉज आयोगाचं काम होतं पाच मूलनिवासी राष्ट्रांची सामाईक जमीन मोडून माणसागणिक वाटून टाकणं. चेरोकींमध्ये जमीन राष्ट्राची असे, माणूस ती कसायचा आणि त्यावर घर बांधायचा. वाटणीसाठी कोण नागरिक ते ठरवायला यादी हवी होती. पाचही राष्ट्रांत मिळून अडीच लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केले. नावं लागली साधारण एक लाख. जमीन फुकट मिळणार म्हटल्यावर काहीही संबंध नसलेले हजारो लोक अर्ज घेऊन आले होते. त्यामुळे 'अर्ज केला होता' म्हणजे 'नाव लागलं' नव्हे.

उलट बाजूही आहे. रेडबर्ड स्मिथ यांच्यासारख्या परंपरानिष्ठ किटूवा लोकांनी जमिनीची वाटणीच नाकारली आणि नाव द्यायला नकार दिला. १९०२ मध्ये त्यांना अटक झाली. अशा घरांतली नावं कधी शेजाऱ्यांच्या साक्षीवरून घातलेली असतात, वयं आणि नाती चुकलेली असतात.

यादी ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर नाव टाकून फुकट शोधता येते. पूर्वज १ सप्टेंबर १९०२ ला हयात असायला हवेत. त्यानंतर जन्मलेली आणि ४ मार्च १९०६ ला हयात असलेली बाळं वेगळ्या भागात आहेत. आजोबा १८९९ मध्ये वारले असतील तर ते इथे नसणार, त्यांची मुलं शोधा.

यादीचे गट वेगवेगळे आहेत: रक्ताने चेरोकी, लग्नाने आलेले गोरे, डेलावेअर (चेरोकी राष्ट्रात सामावलेली दुसरी मूलनिवासी जमात), आणि फ्रीडमेन, म्हणजे चेरोकींनी गुलाम म्हणून ठेवलेल्या कृष्णवर्णीय लोकांची कुटुंबं. १८६६ च्या कराराने फ्रीडमेनना नागरिकत्वाचे हक्क मिळाले होते. ते हक्क पुढे नाकारले गेले, २०१७ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा मान्य केले, आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून 'रक्ताने' हे शब्दच काढून टाकले. फ्रीडमेनमध्ये मिश्र कुटुंबं खूप होती, आणि कारकुनाने डोळ्यांनी बघून गट ठरवल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा सगळे गट शोधा.

नाव सापडलं की दोन क्रमांक मिळतात: कार्डाचा आणि यादीतला. दोन्ही लिहून घ्या. एका कार्डावर एक कुटुंब असतं. वय, 'रक्ताचा अंश', जिल्हा, आईवडिलांची नावं. तो अंश कारकुनाने विचारून किंवा अंदाजाने लिहिलेला आहे, तो शास्त्रशुद्ध समजू नका. कार्डामागे अर्जाचं पाकीट असतं आणि त्यात साक्षी असतात.

आमच्या कार्डावर वरती पणजीची आई. खाली पणजी, वय ६, अंश १/८. तिच्याखाली एका धाकट्या मुलाचं नाव, आणि त्यावर आडवी रेघ. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: १ सप्टेंबर १९०२ पूर्वी मृत. पाकिटातल्या साक्षीत अधिकारी विचारतो, हे मूल हयात आहे का? आई सांगते, ऑगस्टमध्ये गेलं. दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने ते बाळ यादीबाहेर राहिलं. घरात कुणालाही तो मुलगा माहीत नव्हता. नातीच्या वंशवृक्षावर आता त्याचं नाव आहे.

चौथी पायरी: मिलर यांचे अर्ज

डॉज कार्ड दोन पिढ्या दाखवतं. त्यामागे जायला गायन मिलर यांनी तपासलेले अर्ज आहेत. जुन्या करारांचे पैसे चेरोकींना मिळाले नव्हते. न्यायालयाने ते द्यायला लावले, आणि १९०६ पासून वारसांकडून अर्ज मागवले. सुमारे ४६,००० अर्ज आले, त्यांत ९०,००० माणसांची नावं होती. पात्र ठरले ३०,२५४. यादी १९०९-१० मध्ये झाली.

पात्र यादी तर बघाच, पण खरं धन अर्जात आहे. अर्जदाराचं इंग्रजी नाव, चेरोकी नाव, आईवडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, मामा, मावश्या, आणि १८५१ साली ते कुठे राहत होते, सगळं विचारलेलं आहे. नाकारलेल्या अर्जांतही वंशावळी आहेत. त्या माहिती म्हणून वाचा, पुरावा म्हणून नको.

पाचवी पायरी: १८५१ आणि १८३५

पश्चिमेला आलेल्यांची १८५१ ची ड्रेनन यादी जिल्हावार आणि कुटुंबवार आहे. आधीच तिथे असलेल्यांची त्याच वर्षीची 'ओल्ड सेटलर' यादी वेगळी. पूर्वेला राहिलेल्यांसाठी १८४८ ची मुलाय (Mullay) यादी, १८५१ ची सायलर, १८५२ ची चॅपमन, १८८४ च्या सुमाराची हेस्टर आणि १९२४ ची बेकर. "आमची माणसं डोंगरात लपली म्हणून कुठेच नाव नाही" असं घरात सांगतात. पण डोंगरात राहिलेल्यांच्याही एवढ्या याद्या आहेत. पाचांपैकी एकीतही काहीच मिळत नसेल तर त्या गोष्टीकडे पुन्हा नीट बघायला हवं.

१८३५ च्या हेंडरसन मोजणीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, सोबत ओढा किंवा नदी, माणसं किती, लागवडीखाली एकर किती, मका किती.

इथे नावांचा गुंता होतो, आणि इथे आपली देवनागरी कामाला येते. कारकुनांनी चेरोकी नावं ऐकू येतील तशी रोमन अक्षरांत लिहिली. चेरोकीत त्स, च आणि ज एकमेकांच्या जागी येतात, तसेच क-ग आणि त-द. त्सालागी, चालागी, जालागी हे सगळे 'चेरोकी' याच शब्दाचे उच्चार, आणि तालेक्वाला चेरोकीत दालिग्वा म्हणतात. सापडलेलं प्रत्येक रूप मोठ्याने वाचा आणि देवनागरीत लिहा. रोमनमध्ये तीन वेगळी वाटणारी नावं आम्हाला देवनागरीत एकाखाली एक लिहिल्यावर एकच दिसली. शिवाय आडनावं स्थिर नव्हती. बापाचं चेरोकी नाव मुलांचं आडनाव व्हायचं, कधी त्याचा अर्थ इंग्रजीत यायचा. वाया म्हणजे लांडगा, तो 'वुल्फ' झाला. दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी दिसली तर दचकू नका.

आम्ही १८५१ पर्यंत खात्रीने पोचलो. १८३५ मध्ये त्याच नावाचे दोन कुटुंबप्रमुख दोन वेगळ्या ओढ्यांवर आहेत. दोन्ही वहीत लिहून ठेवले, एक निवडला नाही. मनाला बरं वाटावं म्हणून दुवा जोडला की पुढच्या पिढ्या तोच खरा धरून चालतात.

सहावी पायरी: ओक्लाहोमातली जमीन

यादीत नाव लागलेल्या प्रत्येक चेरोकीला सरासरी प्रतीच्या ११० एकरांइतक्या किमतीची जमीन मिळाली. ती किंमत ठरली होती ३२५.६० डॉलर. नदीकाठची काळी जमीन घेतली तर एकर कमी, माळरान घेतलं तर जास्त. त्यातले ४० एकर 'होमस्टेड', जे लगेच विकता येत नसत. तुकडे एकाच जागी असतीलच असं नाही.

वाटणीचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फोर्ट वर्थ शाखेत आहेत. त्यात टाउनशिप, रेंज आणि सेक्शन लिहिलेलं असतं. सातबारा वाचणाऱ्याला हे अवघड नाही. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, एक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. इंग्रजीतलं वर्णन शेवटाकडून वाचा, सेक्शन तिथे शेवटी येतो. 'सेक्शन १० च्या आग्नेय चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश' म्हणजे आधी सेक्शन १०, मग त्याचा आग्नेय कोपरा (१६० एकर), मग त्यातला वायव्य कोपरा (४० एकर). कागदावर चौकोन काढा, चार भाग करा, पुन्हा चार भाग करा. नातीने हे पाच मिनिटांत केलं.

पुढे जमीन कुठे गेली? काउंटीच्या कचेरीत दस्तांच्या वह्या असतात आणि कोर्टात पालकत्वाच्या फायली. १९०८ च्या कायद्याने अर्ध्याहून कमी अंश लिहिलेल्यांच्या जमिनीवरची विक्रीबंदी उठली आणि अल्पवयीन मुलांची मालमत्ता काउंटी कोर्टांच्या हाती गेली. कोर्टाने नेमलेल्या पालकांनी मुलांच्या जमिनी मातीमोल भावाने विकल्याचे प्रकार त्या काळात सर्रास झाले. पणजीची जमीन ती तेरा वर्षांची असताना विकली गेली, कारण लिहिलंय 'पालनपोषण व शिक्षण'. ते पान वाचून सून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मीही काही बोलले नाही.

काही घराण्यांची जमीन आजही निर्बंधित (परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा विश्वस्त (सरकारने वारसांसाठी सांभाळलेली) स्वरूपात शिल्लक असते आणि वारसांची नावं त्यावर चढलेली नसतात. तशी शंका असेल तर चेरोकी नेशनच्या जमीन विभागात विचारा. विकली गेलेली जमीन मात्र आता कुणाचीतरी खाजगी आहे. कुंपण ओलांडू नका, मालकाला भेटून परवानगी मागा.

सातवी पायरी: पूर्वेची जमीन

हाकलण्याआधी १८३६ मध्ये सरकारच्या माणसांनी चेरोकींच्या घरादाराची किंमत काढली. त्या वह्यांत ओंडक्यांच्या घराची लांबी-रुंदी फुटांत, मक्याची कणगी, कुंपण, नांगरट आणि पीच-सफरचंदाची झाडं मोजून लिहिलेली आहेत. पूर्वजांचं नाव इथे मिळालं तर त्यांचं अंगण डोळ्यांपुढे उभं राहतं. जॉर्जियात असतील तर आणखी एक धागा आहे. १८३२ मध्ये त्या राज्याने चेरोकींची जमीन, ते तिथे राहत असतानाच, १६० एकरांचे आणि सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे तुकडे पाडून गोऱ्यांमध्ये सोडतीने वाटली. ते लॉट क्रमांक आजच्या खरेदीखतांतही येतात, म्हणून जागा बरीच जवळ आणता येते.

नेमकी जागा नाही मिळाली तरी जाण्यासारखी ठिकाणं आहेत. जॉर्जियात कॅल्हूनजवळ न्यू एकोटा, जिथे १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र सिक्वोया यांनी चेरोकी भाषेसाठी बनवलेल्या लिपीत छापलं गेलं. नॉर्थ कॅरोलिनात ब्रायसन सिटीजवळ किटूवा, चेरोकींचं मातृगाव. ईस्टर्न बँडने ती ३०९ एकर जागा १९९६ मध्ये विकत घेऊन परत मिळवली. टेनेसीतलं चोटा १९७९ मध्ये टेलिको धरणाखाली गेलं, काठावर आठ खांबांचं स्मारक आहे: सात कुळांचे सात आणि राष्ट्राचा एक. धरणाखाली गेलेलं गाव म्हणजे काय, हे आपल्याकडे कोयनेच्या माणसाला सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी माणसांनी रचलेल्या प्राचीन मातीच्या टेकड्या असतात, त्यांवर चढू नका, काही उकरू नका, मातीचं खापरसुद्धा उचलून आणू नका.

नागरिकत्व हवं असेल तर

चेरोकी नेशनमध्ये डॉज यादीतल्या व्यक्तीचा थेट वंश सिद्ध करावा लागतो, रक्ताच्या अंशाची अट नाही. घरात आधीच कुणी नागरिक असेल तर त्यांच्यापर्यंतचाच दुवा पुरतो. युनायटेड किटूवा बँडमध्ये १९४९ ची मूळ यादी आणि चौथ्या हिश्शाची अट आहे. ईस्टर्न बँडमध्ये १९२४ ची बेकर यादी आणि सोळावा हिस्सा. नागरिकत्व त्या राष्ट्राचं आहे आणि ते कुणाला द्यायचं हे तेच ठरवतं. पैसे घेऊन 'चेरोकी सदस्यत्वाचं' कार्ड देणाऱ्या बाकी गटांपासून लांब राहा.

२०२० च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला चेरोकी म्हटलं. तिन्ही राष्ट्रांचे नागरिक मिळून त्याहून पुष्कळ कमी आहेत. कागद 'नाही' म्हणत असतील तर ते मान्य करा, आणि अर्जांत, नोकरीत, शिष्यवृत्तीत तो रकाना भरू नका. ती जागा ज्यांची आहे त्यांना लागते. नाव लागलं तर नुसतं कार्ड घेऊन थांबू नका. भाषेचे वर्ग ऑनलाइन आहेत, मोठ्या शहरांत नेशनची मंडळं भरतात. त्यांच्याकडे 'गडुगी' म्हणून शब्द आहे, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं. आपल्या सावडीसारखंच. तिथे हात लावायला जा.

सुनेचं आणि नातीचं कार्ड आलं तेव्हा आजी हयात होती. तिला घेऊन आम्ही मेज काउंटीत गेलो. तिकडचे रस्ते सेक्शनच्या रेघांवरूनच जातात, मैलागणिक एक. नात मांडीवर तिने काढलेला चौकोन घेऊन वळणं मोजत होती. मालकाने फाटक उघडून दिलं आणि स्वतः लांब उभा राहिला. कुरणात गाई होत्या, खाली उताराला झाडांची ओळ. आजी गाडीतून उतरली नाही, काच खाली केली आणि म्हणाली, "ओढा तिथे असणार." होता.